चौदा नंबरची काच

बाबा गोदीच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं
वेल्डरांना काचा वाटत होते.
दहा नंबर, अकरा, बारा,
प्रत्येकाची सही घेऊन.
चौदाची कुणी मागत नसे.
तीच एक, निवृत्तीच्या दिवशी पैसे भरून
घरी आणली, पावतीसकट.

आज ती फलालीनच्या फडक्यातून निघाली.
माझगाव, आमची गच्ची, पावणेनऊ,
आणि बाबांची शिस्त :
सूर्याकडे पाठ करून रांग.
आधी काच डोळ्यांवर, मग मान वर.
आधी मान खाली, मग काच दूर.
तीनदा म्हणून दाखवायचं.
वहिनीनेही म्हटलं,
सातवा महिना, आईची नजर चुकवून वर आलेली.

"हिरवी करंजी!" शाल्मली ओरडली,
"कुणीतरी कडेला चावलंय."

आईने दुधावर तुळशीपान ठेवून
दार लोटून घेतलेलं.
पण झारा तिनेच दिला,
"घासून आणा" एवढंच म्हणाली.
झाऱ्याच्या सावलीत कोब्यावर
इवल्या इवल्या करंज्या सांडल्या,
वहिनीच्या पावलांवरही दोन.

"आजोबा, आता तुम्ही."
बाबांनी काच डाव्या डोळ्यापुढे धरली.
"आणि उजव्याने?"
"उजव्यातलं अजून सुटलं नाही."

मग सांगितलं. नऊ वर्षांचे होते,
परळला सगळी दारं बंद,
हे एकटे जिन्यातल्या झरोक्याशी
आत्याच्या छातीची एक्स-रे फिल्म घेऊन.
बरगड्यांमधून सूर्य छान दिसला.
बराच वेळ दिसला.
दुखलं काहीच नाही.
तेव्हापासून त्या डोळ्याने
ज्याच्याकडे बघावं त्याच्या बरोबर मध्ये
मसुरीएवढा डाग.

मला हे माहीत नव्हतं.
प्रत्येक फोटोत त्यांची मान जराशी तिरकी,
मी तो तोरा समजत आले.

वर फार काही घडत नव्हतं.
व्होल्टेज उतरावं तसं ऊन फिकट झालं,
एक ढग आला, रेंगाळला,
शेजारच्या गच्चीवरचे लोक कंटाळून खाली गेले.
बाबा मात्र दर पाच मिनिटांनी
रांग पुन्हा लावत राहिले.

अकराला गल्लीतून हाक आली,
दे दान, सुटे गिराण.
आई तांदळाचं सूप घेऊन दारात आली,
आंघोळ केलेली, केस ओले.
"आपण काय द्यायचं?" शाल्मलीने विचारलं.

बाबांनी काच पुसली, दोन्ही बाजूंनी,
उजेडाला धरून चरे तपासले,
फडक्यात गुंडाळून तिच्या हातात ठेवली,
आणि खिशातून पेन काढलं.
"सही कर," म्हणाले.