उत्तरेचा डोंगर

अडावदच्या शाळेत, चौथीच्या वर्गात
सत्तावीस वह्यांत सत्तावीस सूर्य उगवले
दोन त्रिकोणी डोंगरांच्या फटीतून.
शेजारी नारळाचं झाड.
आमच्याकडे नारळ येतो तो मारुतीपुढे फुटायला.

खिडकीबाहेर सातपुडा,
वाळत घातलेल्या गोधडीसारखा आडवा.
तो उत्तरेला. तिथून उगवतो का रे सूर्य कधी?
कुणी बोललं नाही.
अकरा वर्षं मीच या त्रिकोणांना
दहापैकी आठ देत आलो होतो,
रंग रेघेबाहेर गेला तर सात.

रायकी पावराच्या पानावर
एक राखाडी रेघ. बस.
तीही मध्येच तुटलेली.

"पुरं का नाही केलंस?"
"फुफाट्यात आज एवढाच दिसतोय, गुरुजी.
तुम्ही उभ्यानं बघताय."

लाल पेन उघडलेलंच होतं.
मी तिच्या बाकाशी वाकलो,
गुडघा कुरकुरला,
गजांपलीकडे केळीची उभी चिरलेली पानं,
त्यामागे पांढुरकं, नुसतं पांढुरकं काही,
आणि डोंगर अजून नाहीच.

"अजून खाली," ती म्हणाली,
आणि सरकून
बाकावर मला जागा करून दिली.