मानशीवरचा चिखल

पंचायतीच्या सभागृहात एकच पंखा चालतो.
तोही बंद ठेवला, कागद उडतो म्हणून.

लिबेराताने चर्चची जुनी पत्रकं आणली,
शाणू कवठणकरने उरलेल्या लग्नपत्रिका,
वर सोनेरी गणपती.
"देव दुमडायचा का?" त्याने विचारलं.
"पोटात घे," ती म्हणाली, "भिजायचा नाही."

हा पक्षी कुठला, यात अर्धा तास गेला.
सारस, शाळेतली मुलगी म्हणाली. जपानात असतो.
हजार झाले की शांती मागायची.
जुव्यात सारस कुणी पाहिलाय?
बगळाच म्हणूया. बगळा आपल्या ओळखीचा,
बांधावर उभा असतो,
कुणाच्याच बाजूने नाही.

तीन वर्षं झाली त्या रात्रीला.
मानशीचं दार कुणीतरी उघडं टाकलं,
खारं पाणी खाजनात शिरलं,
कोरगुटसुद्धा पिवळं पडलं.
कुणाला कोळंबी मिळाली,
माझ्या भावाला डोक्यावर सात टाके.
दार उघडलं कायतानने, म्हणतात.
म्हणतात.
तेव्हापासून पोदेराचा भोंपू वाजला
की एकजण पाव घेऊन आत गेल्यावरच
दुसऱ्याचं दार उघडतं.

माझ्याकडे कागद नव्हता.
पिशवीत मामलेदाराची नोटीस होती,
आठवी तारीख, तीही टळलेली.
चौकोनी कापली. शिक्का शेपटीकडे गेला.
मान मात्र जमेना.
ती घडी आतून बाहेर उलटवायची असते,
आणि मला तेवढंच कधी जमलेलं नाही.

समोरून एक अंगठा आला.
नख काळं, दोरीने सोललेलं कातडं.
घडीवर दाबून राहिला.
मी वर पाहिलं नाही.
"आता ओढ," कायतान म्हणाला.
ओढली.
चोच वाकडी आली.
"माझीपण तशीच," तो म्हणाला,
आणि पलीकडे जाऊन बसला.

सहाशे बारावर कागद संपला.
फाटक्या जाळ्याला बांधून टांगले सगळे.
खाऱ्या हवेत दोन दिवसांत
त्यांनी माना टाकल्या.

भावाला अजून सांगितलेलं नाही.

काल भरतीला मानशीवर गेलो.
दार बंद होतं. फटींत चिखल लिंपलेला,
ओला, त्यावर बोटं उमटलेली.
कुणाची, ते पाहत बसलो नाही.
खालच्या फळीशी अजून पाझरत होतं.
गुडघ्यावर बसलो,
मूठभर चिखल उचलला.