हातचा

फेरी लिकोनीहून सुटली की पलीकडे लागायला
जेमतेम दहा मिनिटं, म्वानाइदी.
तेवढ्यात मी काय काय सांगणार?
त्यात हे इंजिन. अर्धं तर तुला ऐकूच येणार नाही.

तरी ऐक.
चहाच्या गोदामाच्या फाटकाशी जो पहारेकरी बसतो
त्याला नावानं सलाम कर.
नाव माहीत नसेल तर आधी नाव विचार.
कुठली जागा रिकामी होणार, साहेब आज कसा आहे,
हे एकवीस वर्षांत मला
साहेबांकडून एकदाही कळलं नाही.

'कुठलंही काम चालेल' असं म्हणू नकोस.
कुठलंही काम करणाऱ्याला कुठलाही पगार देतात.
म्हण, पोत्यात हात घातला की मला ओल कळते.
कळते ना?
मावशीच्या दुकानात तांदळाची पोती
तूच उलटीपालटी करायचीस, कोण करायचं दुसरं?
ते सांग. असंच सांग, साधं.
सर्टिफिकेट फायलीत आहे, ते दिसेल त्यांना.
हात फायलीत नाहीत.

पगाराचं विचारतील.
आकडा सांग आणि गप्प बस.
हे गप्प बसणं फार अवघड.
पंखा फिरत राहील, कोणीतरी पेन टकटक वाजवेल,
तुझ्या जिभेवर येईल, 'थोडं कमी असलं तरी…'
गिळ ते.

जरा सरक इकडे,
त्या बाईची कोंबड्यांची टोपली आहे.

मी बंदरात मोजणीदार होतो, तुला माहीतच आहे.
जहाजातून पोतं उतरलं की एक रेघ.
चार उभ्या, पाचवी आडवी.
सिमेंट, साखर, खत, पुन्हा साखर.
एका पोत्याची चूक दाखवून द्यावी कोणी!
वह्याच्या वह्या भरल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या मालाच्या.
स्वतःच्या नावापुढे एक रेघ मारली नाही.
एकदा रात्रपाळीत दोनशे पोती कमी भरली,
चोरी मी पकडली.
सकाळी वर जाऊन सांगितली बकारीनं.
तो सुपरवायझर झाला,
आणि मीच त्याच्याकडे हलवा घेऊन गेलो.

मला वाटायचं, काम बोलतं.
काम मुकं असतं, पोरी.
त्याच्या वतीनं कोणाला तरी तोंड उघडावं लागतं.
रडल्याशिवाय आईही पाजत नाही,
तर कंपनी कुठली पाजणार?
बेरजा माझ्या चोख होत्या.
फक्त हातचा मिळवायचा राहिला,
एका वर्षी, मग पुढच्या वर्षी, मग सवयच झाली.

तू एक वही ठेव. स्वस्तातली चालेल.
दर शुक्रवारी लिही, काय केलंस,
कोणाचं अडलेलं सोडवलंस. तारीख घाल.
वर्ष संपलं की ती घेऊन आत जा,
बोलावण्याची वाट बघू नकोस.
वरच्याचं काम नजरेनं शिकून घे.
आपलं काम खालच्याला शिकव, हातचं राखू नकोस,
नाहीतर 'हिच्यावाचून इथं पान हलत नाही' म्हणत
तिथंच बसवून ठेवतील तुला,
कौतुकानं.

इंजिन थांबलं. काठ आला.
आणि नेमकं आताच विचारायचं होतं तुला,
'मामा, तुम्ही मागितलंत का कधी?'

मागितलं.
निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा.
साहेबानं चष्मा काढला,
खरंच वाईट वाटलं त्याला.
म्हणाला, अरे अथुमानी, आधी का नाही बोललास?

जा आता, गर्दीबरोबर चढ वर.
चपलांचा चिखल फाटकाबाहेरच पूस.
जागा मिळाली, न मिळाली,
निघताना पहारेकऱ्याला पुन्हा सलाम कर,
परवा परत यावं लागेल कदाचित.
मी इथे चहाच्या टपरीवर आहे.
आणि परतीची फेरी पायी माणसाला फुकट असते,
तेवढा एक खर्च
धरू नकोस.