सोहार बंदर, नमुना चौदा

बशीत ओतले तर शंभरातले अकरा हिरवे.
नखाने सोलून पाहिलं, आतूनही हिरवेच.
म्हणजे रंग नुसता सालीचा नाही,
दाणा भरायच्या आत कुणी हार्वेस्टर घातला शेतात,
किंवा ऊनच आधी पोचलं.

बाहेर सेहेचाळीस. सायलोचा पत्रा तडतडतोय.
यंत्र म्हणतं, प्रथिनं अडतीस टक्के. पास.
पण ते मोजतं नुसता नायट्रोजन,
त्यातला किती जुळून प्रथिन झाला
आणि किती अजून सुटासुटा हिंडतोय,
त्याला काय!

खमीस विचारतो, "लिहू अडतीस?"
जहाज दीड दिवस उभं आहे, भाडं चढतंय.

वाशीमला माझी मावशी
शेंग कानाशी धरून हलवायची.
वाजली तर विळा.
नाहीतर, "अजून बोलत नाही गं," म्हणून पुढे.

मी दाणाच कानाशी नेते. खमीस हसतो.
शेंग केव्हाच मागे राहिली, कुठल्या देशात कुणास ठाऊक.

"अडतीस लिही. आणि खाली : अकरा टक्के कोवळे."

त्याचं पेन थांबतं.
"कोवळे म्हणजे कच्चेच ना?"

नाही रे.
कच्चं भाजून निघतं.
कोवळ्याला दिवसच लागतात.