तिसाव्या मिनिटानंतर

काचेच्या नळीला टांगलेलं उंदराचं हृदय
खिडकीतल्या काळोखासमोर धडधडतंय.
नोव्हेंबर सरला. ट्रॉम्सोत सूर्य आता
जानेवारीच्या मध्याशिवाय उगवायचा नाही.
नळीत मात्र सदतीस अंश, रात्रंदिवस.

मी चावी फिरवते. प्रवाह थांबतो.
तीस मिनिटं.
हृदय अडखळतं, मग गप्प.
राग्नफ्रिद म्हणते, घाबरू नकोस, अजून मेलं नाही.
खरी इजा पुढेच आहे,
प्रवाह परत सोडशील तेव्हा.

हे मला बाबांनी कधीच सांगितलं होतं.
कॉड पकडणारे एइलिफ,
ज्यांची दोन बोटं सेन्याच्या समुद्राने ठेवून घेतली:
गारठलेला हात शेगडीवर धरू नये, पोरी.
थंडी चावते, ऊब तोडते.
काखेत धर. हळू.

मार्चमध्ये धक्क्यावर ते मटकन बसले,
मांडीवर जाळं तसंच.
डॉक्टरांनी तार घालून वाट मोकळी केली.
सगळे म्हणाले, वाचले. वाचलेच.
पण परतलेल्या रक्ताने जाता जाता
एक कोपरा नेला.
आता जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबतात,
समुद्र बघायच्या निमित्ताने.
तिथून समुद्र दिसत नाही.

अठ्ठाविसावं मिनिट. सिरिंज भरते.
थेंबभर ग्रोथ फॅक्टर.
नाव वाढीचं, पण इथे तो काहीच वाढवत नाही.
पेशीच्या दाराशी जातो, कडी वाजवतो.
आत निरोप या कानाचा त्या कानाला:
लोंढा येतोय,
भट्ट्यांची दारं लावून घ्या,
मरायची घाई नको.
एवढंच.

प्रवाह सोडते.
एक थरथर. काहीच नाही. मग एक ठोका,
वाकडा, झोपेतून उठवलेल्या मुलासारखा चिडलेला.

नंतर काप करून रंगात बुडवायचे.
जगलं ते लाल होतं,
मेलं ते उकडलेल्या कॉडसारखं फिकट.
काल, त्या थेंबाशिवाय, निम्मं फिकट होतं.
आज नुसती कड.
राग्नफ्रिद वहीत आकडा लिहिते, पेन खाली ठेवते:
तरुण उंदीर होता.
म्हातारी हृदयं इतकं ऐकत नाहीत.

माहीत आहे मला.
कोट घालता घालता फोन लावते.
आज काय केलंस, बाबा विचारतात.
हात काखेत धरला, मी म्हणते.
कुणाचा?