रात्रीचे दहा, रीबे

डायनिंग टेबलावरच्या प्लास्टिकखाली
विजेच्या बिलाशेजारी मी सरकवलाय डेन्मार्कचा नकाशा.
पश्चिमेच्या कडेला, समुद्रापासून जरा आत,
टिकलीएवढं गाव : रीबे.
"एवढंसं?" चष्मा कपाळावर ढकलत तू म्हणालास,
"पॅरिस संपलं होतं का?"

संपलं नव्हतं, सदानंद.
पण रीबेत रात्री दहा वाजता
कंदील घेतलेला एक राखणदार
गल्लीगल्लीतून गात फिरतो. उन्हाळाभर.
आता पाहुण्यांसाठी,
पूर्वी आगीसाठी, पुरासाठी, दारुड्यांसाठी.
गाऊनच सांगतो म्हणे किती वाजले ते,
आणि झोपा आता.

एकतीस वर्षं तू टेलिफोन एक्स्चेंजात नाइट केलीस.
माझी शाळा सकाळी सातची.
आपला संसार म्हणजे जिन्यात किल्लीची देवघेव
आणि फ्रिजवरच्या चिठ्ठ्या :
दूध तापवलंय. केतकीला ताप. गॅसचा नंबर लावला.
अख्ख्या मुंबईचे ट्रंककॉल तू जोडलेस,
मग मशीन आली, तर मशीनची राखण केलीस.
मला रात्री हाक मारायला एकच नंबर होता,
तोही एंगेज.

ब्रामिंगला गाडी बदलायची.
चर्चचा मनोरा चढायचा, गुडघे म्हणतील तिथवर.
ओहोटीला उघडा पडणारा समुद्राचा तळ बघायचा,
नजर पोचेल तिथवर नुसता ओला.
"चिखलच ना? मग आपल्या कन्नमवारनगरामागे काय आहे?"
खाडी आहे.
पण तिच्याकडे आपण दोघांनी
एका वेळी कधी पाहिलंय?

आणि नदीकाठचा तो खांब.
कुठल्या पुरात पाणी कुठवर चढलं, त्याच्या कड्या आहेत त्यावर.
सर्वांत वरची सोळाशे चौतीसची,
माझ्या डोक्याच्या कितीतरी वर.
तो मला बघायचाच आहे.
आपल्या जिन्यातही होती एक रेघ, दोन हजार पाचची,
मीच ओढलेली, ग्रिलच्या उरलेल्या ऑइलपेंटने,
तू एक्स्चेंजात अडकलास त्याच्या दुसऱ्या दिवशी.
मग सोसायटीने रंग काढला.
सेक्रेटरी म्हणाले, बरं दिसत नाही.

व्हिसाच्या फॉर्मवर विचारतात प्रवासाचा उद्देश.
मी पर्यटनावर खूण केली,
मग ती खोडून 'सांस्कृतिक'वर.
"आपलं काय सांस्कृतिक?" तू हसलास.
म्हटलं, रात्री नवराबायकोने सोबत चालणं.
आपल्या घराण्यात ही परंपरा नाही,
बाहेर जाऊनच शिकावी लागेल.
खोडाखोड चालत नाही म्हणे. नवा फॉर्म आणायला हवा.

काल जेवणं झाल्यावर
तू काही न बोलता चपला घातल्यास.
दहा वाजले होते.
तेवीस नंबरच्या इमारतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत,
मग भाजीवाल्यांच्या झाकलेल्या गाड्यांवरून वळसा.
गेटवर रामसमुझने विचारलं, "इतनी रात को, साहब?"
"रीबे," तू म्हणालास, जणू ते विक्रोळीच्या पुढचंच स्टेशन.
त्याने मान डोलावली, काठी आपटली दोनदा,
आणि फेरीला निघाला. गायला नाही.

टाकीपाशी दिवा गेलेला आहे दिवाळीपासून.
तिथे अंधारात, माझ्या कानाशी,
त्या जुन्या, झोप दाबलेल्या आवाजात
तू म्हणालास, "नंबर प्लीज?"

मी सांगितला नाही.
पैशांचा मेळ अजून बसत नाही,
सप्टेंबरचं भाडं कमी आहे म्हणतात, पण थंडी.
आणि आधी तुला बूट घ्यायला हवेत,
चालायचे. तू दिवसा कधी घेतलेच नाहीस.