बारा मिनिटं

टेबलावर युरोप पसरलाय,
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
चष्म्याचं घर, कुंद्याचा डबा, प्रेशरच्या गोळ्या
आणि उद्यमबागच्या फौंड्रीत मी केलेला
सागवानी पॅटर्न, एका पंपाचा.
तो पंप कधी ओतलाच गेला नाही.

नीलव्वा रुळांवरून बोट फिरवते.
पॅरिस, बाझेल, मिलान.
चाळीस वर्षं माझ्याशी मराठीत भांडली,
देवाशी दोन्हीत बोलते,
पण दुधाचे रतीब, ब्लाउजचे टाके
आणि मिनिटं
ती अजून कन्नडातच मोजते.
'हन्नेरडु,' म्हणाली.
बाझेलला गाडी बदलायला बारा मिनिटं.
आणि गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसली.

अर्जात रकाना आहे: जन्माच्या वेळचं राज्य.
जन्मलो तेव्हा मुंबई,
पाटीवर श्री काढला तेव्हा म्हैसूर,
पहिला पगार कर्नाटकात.
घर तेच, तिसऱ्या गेटाजवळचं.
परसातला फणससुद्धा तोच.
पासपोर्टात गावाचं जुनं नाव, आधारवर नवं.
एजंट म्हणाला, 'अॅफिडेव्हिट लागतंय काका,
दोन्ही गावं एकच म्हणून.'
केली सही.
इतकी सोपी गोष्ट
शपथेवर कधी सांगितली नव्हती.

'एक देश संपून दुसरा लागला
हे कळणार कसं?'
मोबाईलवर मेसेज येतोय म्हणे.
'आणि पाट्या?'
पाट्याही बदलत असतील की.
'त्यांना कोण काळं फासत नाही?'
मी स्वित्झर्लंडवरचा
कुंद्याचा तुपकट डाग पुसत राहिलो.
तो पसरला फक्त.

पंच्याऐंशी साली, लग्नानंतर आठव्या दिवशी,
मीटरगेजनं वास्कोला निघालो होतो.
कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबली.
बाबा सांगायचे,
इथं पूर्वी पेटी उघडून दाखवायला लागायची.
आम्ही दोघं पेटीवर हात ठेवून बसलो,
कुणी काहीच विचारलं नाही.
आत दोन साड्या होत्या
आणि बैलहोंगलला तिच्या अप्पांना लिहिलेलं
न टाकलेलं पत्र.

रविवारी तालीम केली.
बेळगाव स्टेशन, दोन प्लॅटफॉर्म तिकिटं,
बॅगेत दहा किलो गव्हाचं पीठ,
कारण कपडे अजून ठरायचेत.
एक नंबरवरून तीनवर, जिन्यानं.
लिफ्ट चालू होती.
ती म्हणाली, नको, बाझेलची बंद असली तर?
घड्याळ माझ्याकडं.
पुलावर भरमाण्णा मुतगेकर आडवा आला.
'कुठं चाललासा, वैनी?'
'बाझेलला,' ती, धापा टाकत.
'खानापूरच्या पुढं काय?'
'होय की. बरंच पुढं.'
उतरताना ती कठड्याला टेकली.
खालून मालगाडी गेली, संपता संपेना,
ती डबे मोजत असावी,
ओठ हलत होते.

चौदा मिनिटं.
गाडी चुकली.

तीन नंबरच्या बाकावर
आम्ही दोघं आणि मध्ये पीठ.
चहा घेतला. मी कबूल केलं,
पुढची गाडी तासानं आहे, वेळापत्रकात बघितलंय.
'आणि हे तू आता सांगतोस?'
तिनं चप्पल काढली,
दुखरा पाय बॅगेवर ठेवला,
'एक तास,' म्हणाली, 'बाझेलला बसायला बाक असतील न्हवं?'
ते मात्र मी बघितलं नव्हतं.

घोषणा झाली,
कन्नडात, हिंदीत, इंग्रजीत.
मी अजून कान देऊन बसलो होतो,
सवय आहे, चौथीची वाट बघायची.
नीलव्वा माझ्याकडं वाकली
आणि हळूच सांगितलं,
'मिरजेची गाडी
इप्पत्तु मिनिटं लेट आहे.'